एकेचाळिसावी पायरी

माझ्या टेबलावर रक्तदाबाचं यंत्र असतं,
शेजारी वजनकाटा, दीड किलो जास्त दाखवणारा.
सगळ्यांना ते ठाऊक आहे, तरी सगळे बूट काढून चढतात.
आणि माझ्याकडे एक वाक्य असतं, बारा वर्षं वापरून झिजलेलं:
रोज अर्धा तास चालत जा.

वालपाराइसोत हे सांगणं
म्हणजे माशाला पोहायला सांगणं, असं परक्याला वाटेल.
सगळीकडे टेकड्या,
घरं एकमेकांच्या खांद्यांवर चढून
समुद्राकडे बघत बसलेली.
पण माणसं पायऱ्यांनी फक्त उतरतात.
वर जायला रुळांवरून सरकणारी लाकडी खोली आहे,
करकरत, दोरावर लोंबत.
मीही तिनंच जाते.

एवारिस्तो बंदरावर क्रेन चालवायचा.
चाळीस वर्षं आभाळात बसून काढली,
खाली उतरला तेव्हा गुडघे गंजलेले.
पहिल्या कार्डावर माझ्याच अक्षरात लिहिलंय:
एकशे अठ्ठ्याहत्तर, खाली एकशे चार.
मी माझं वाक्य म्हटलं.
तो म्हणाला, "कुठे जाऊ? चालायला ठिकाण लागतं, बाई."

मग चोल्गा आली.
मासळीबाजारामागे सापडलेली, शिंपल्याच्या रंगाची,
एक कान ताठ, दुसरा कशाबद्दलच मत नसलेला.
तिला ठिकाण लागत नव्हतं. वास पुरत होता.

त्यानंतर तो कधीच म्हणाला नाही, मी चालतो.
म्हणायचा, "तिला न्यावं लागतं. ऐकत नाही."
दंडाला पट्टा आवळताना मी ऐकायची
चोल्गा आणि पेलिकन यांचं भांडण,
चोल्गा आणि पाववाल्याची जिवणी नात,
चोल्गाला न आवडणारा पोस्टमन.
आणि लिहायची: एकशे साठ.
एकशे एकोणपन्नास.
पँटच्या पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं नवं भोक.
मार्चमध्ये डॉक्टरांनी एक गोळी बंद केली,
तर हा तक्रार करत होता, तिची नखं झिजतात म्हणून.

जुलैत त्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.
आठवडाभर वाकायचं नाही, हिसका नको.
मी बोलून गेले: मी नेते तिला.

पहिल्या सकाळी धुकं, समुद्र ऐकू येत होता फक्त.
परतताना मी सवयीनं त्या लाकडी खोलीकडे वळले.
चोल्गानं माझ्याकडे पाहिलं,
उधारी बुडवणाऱ्याकडे वाणी बघतो तसं,
आणि पायऱ्यांकडे निघाली.

एकेचाळिसाव्या पायरीवर ती बसली.
ओढलं. हलेना.
खिशातला सॉसेजचा तुकडा दाखवला. खाल्ला, हलेना.
चिडून बोलणार होते, तर आवाजच फुटेना.
छातीचा भाता झालेला, पोटऱ्यांत सुया.
लोका सांगे ब्रह्मज्ञान,
आपण कोरडे पाषाण,
तेही घामानं ओले.
मी शेजारी टेकले. स्वतःची नाडी मोजली आणि कुठेच लिहिली नाही.
थोड्या वेळानं ती आपणहून उठली.
अठ्ठ्याऐंशीव्या पायरीवर पुन्हा बसली.
निळ्या दारापाशी पुन्हा.

"कुत्री हट्टी आहे तुझी," मी म्हटलं.
एका डोळ्यावर पट्टी असलेला एवारिस्तो हसला.
"तिथे मी बसायचो. पहिल्या महिन्यात.
दम पुरत नव्हता ना.
आता नाही लागत बसायला, पण तिला कोण समजावणार?
ती थांबते माझ्यासाठी,
मग मीही थांबतो, तिचा मान राहावा म्हणून."

पट्टी निघाली. चोल्गा त्याची त्याच्याकडे गेली.
मी कुत्रा आणलेला नाही, घरात मांजर आहे, तापट.
पण संध्याकाळी दवाखाना बंद केला
की त्या करकरणाऱ्या खोलीच्या दारावरून पुढे जाते.

काल एकेचाळिसाव्या पायरीवर पोचले
तेव्हा दम लागलेला नव्हता.
तरी बसले जराशी.
खाली जहाजांचे दिवे लागत होते.